नाताळची तिकिटं

शकुंतलाबाई जुलैत गेल्या, आणि तेव्हापासून त्या गरम पाण्याच्या कपाटात होत्या.

अप्पर हटमधल्या त्या घरात उबदार म्हणावी अशी ती एकच जागा होती. पाणी तापवायची उभी टाकी, तिच्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर टॉवेल. खालच्या फळीवर सूनबाई, म्हणजे संपदा, डोशाचं पीठ आंबायला ठेवायची, कारण न्यूझीलंडच्या हिवाळ्यात पीठ दुसरीकडे कुठे आंबत नाही. वरच्या फळीवर गोपीनाथरावांनी अस्थींचा डबा ठेवला. "तिला थंडी सोसत नाही," एवढंच म्हणाले. मुलाने, देवदत्तने, कपाटाचं दार लावून घेतलं. तो कॉम्प्युटरमधला माणूस. अडलेली गोष्ट तो बंद करून पुन्हा चालू करतो, आणि इथे तशी सोय नव्हती.

शकुंतलाबाईंची शेवटची इच्छा साधी होती. मुलाकडे राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना पेटोनीच्या किनाऱ्यावर नेलं होतं. त्यांनी पायाचा अंगठा पाण्यात घातला, ताबडतोब बाहेर काढला आणि विचारलं, "अहो, ह्यात मासे स्वेटर घालून फिरतात का?" पुढे हॉस्पिटलात त्यांनी नवऱ्याचा हात धरून सांगितलं, "ऐका. मला इकडच्या पाण्यात नका सोडू. कोमट असेल तिथे सोडा."

गोपीनाथरावांनी मान डोलावली. जन्मभर पुणे महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात राहिलेल्या माणसाकडे बायकोने पाण्याबद्दल केलेली ही एकुलती एक मागणी. ती पुरी करायचीच होती. फक्त लगेच नाही. लगेच केली असती तर सकाळी टॉवेल काढायला कपाट उघडल्यावर तिथे नुसता टॉवेलच असता. ऑगस्टपासून गोपीनाथराव दिवसातून दोनदा अंघोळ करू लागले होते.

शेवटी देवदत्तनेच विषय काढला. "बाबा, नाताळात ऑफिसं बंद असतात. तेव्हा हरिहरेश्वरला जाऊन येऊ. आईचं तेवढं करून टाकू."

हे अर्थात देवदत्तच्या तोंडी 'ख्रिसमस' असं होतं. त्याचं 'नाताळ' गोपीनाथरावांनी मनातल्या मनात केलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. तिकिटं काढायचं काम नातीकडे आलं, कारण २००७ साली घरात इंटरनेटवर वडिलांचं कार्ड न घाबरता वापरणारी ती एकटीच होती. वल्लरी तिकडेच जन्मलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत यायचं.

"वल्लू, नाताळची तिकिटं काढ. चौघांची. बाबाला सुट्टी असेल तेव्हाची. आजीला समुद्रावर न्यायचंय."

"नाताळ? यू शुअर, आजोबा?"

"म्हणजे काय! नाताळच. तुझ्या बाबाने ठरवलंय."

"इज द वॉटर वॉर्म?"

"कोमट. तिला हवं तसं."

"स्वीट अ‍ॅज," वल्लरी म्हणाली, म्हणजे तिकडच्या भाषेत झकास, आणि खोलीत गेली. सगळे प्रश्न बरोबर होते. सगळी उत्तरंही बरोबर होती.

संध्याकाळी देवदत्तने छापील कागद हातात घेतला आणि उभ्याउभ्याच वाचला. "ऑकलंड. सँटियागो. साओ पाउलो. नाताल." मग तो बसला. "वल्लरी, हे काय आहे?"

"नाताल. इट्स अ बीच सिटी इन ब्राझील. आजोबा सेड."

"मी नाताळ म्हटलं!" गोपीनाथराव ओरडले. "नाताळ! तुमचा तो ख्रिसमस!"

"देन व्हाय डिडन्ट यू से ख्रिसमस?"

"अगं, मराठीत नाताळच म्हणतात!"

"मम सेज ख्रिसमस. डॅड सेज ख्रिसमस. हू सेज नाताळ?"

नाताळ म्हणणारी त्या घरात दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक कपाटात होतं.

तिकिटं परत होणारी नव्हती. बदलणारीही नव्हती. वल्लरी रडायला लागली. तिने म्हणे तिथल्या समुद्राचे फोटो एकेक करून पाहिले होते, वाळूचे डोंगर पाहिले होते, आणि आजीला हे फार आवडेल असं तिला वाटलं होतं. गोपीनाथरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाईट वाटत होतं, पण त्या वाइटाच्या तळाशी एक लाजिरवाणी सुटका होती. "राहू दे, बाळा," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू. तिला कुठे घाई आहे?"

"पण बाबा," संपदा म्हणाली, "आईंना पाणी कोमट हवं होतं ना? तिथलं कोमटच आहे. मी आत्ताच बघितलं."

सुनेने असं पकडल्यावर गोपीनाथरावांनी पुण्याला मोरेश्वर गुरुजींना फोन लावला. गुरुजी कडक. सोवळ्यातला माणूस. ते नाही म्हणणारच.

"ब्राझील म्हणजे पोर्तुगीजच का हो?" गुरुजींनी विचारलं.

"हो. पण फार लांब आहे. परमुलूख."

"लांब कसला! गोव्याच्या मंडळींचे पाहुणेच म्हणा. अहो, नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांचा. आपण घेतला आणि परत केला नाही. समुद्र काय, सगळा एकच. दक्षिणेकडे तोंड करा म्हणजे झालं. की तुमच्याकडे दक्षिण वेगळी असते?"

"दक्षिण तीच आहे, गुरुजी."

"मग चालतंय की!"

देवदत्तने व्हिसाची चौकशी केली. गोपीनाथरावांच्या दुर्दैवाने तोही मिळाला, आणि वेळेवर मिळाला.

आता हातात एकच गोष्ट उरली होती. "हॉटेल मी बघणार," गोपीनाथरावांनी जाहीर केलं. "वस्ती सुरक्षित पाहिजे. तिला घेऊन मी कुठेही उतरणार नाही." यात कोणाला वावगं काही दिसलं नाही. उलट बाबा कशात तरी रमले म्हणून संपदाला बरंच वाटलं.

ते रमले ते भलतेच रमले. दुपारी घर रिकामं झालं की कॉम्प्युटरवर नाताल शहराचा नकाशा उघडायचे आणि संध्याकाळी निकाल द्यायचे. सुरक्षित वस्तीची त्यांची व्याख्या पुण्यात तयार झालेली होती. खाली दारूचं दुकान नको. जवळ बँक हवी. पाणी चोवीस तास हवं. आणि ओळखीचं कोणीतरी हवं.

"जुनं शहर बाद," ते जेवताना सांगायचे. "व्यापारी पेठ आहे. दुकानं मिटली की सामसूम."

"मग समुद्राकाठचा तो हमरस्ता? मोठी हॉटेलं आहेत, बाबा."

"बाद. पुढे समुद्र, मागे वाळूच्या टेकड्या. शेजार कुठाय? तिला शेजार लागतो."

"पोंटा नेग्रा? सगळे टूरिस्ट तिथेच राहतात. सगळे चांगलं म्हणतात."

"सगळे चांगलं म्हणतात म्हणजे नक्की काहीतरी आहे."

त्यात संपदाने प्रवाशांसाठी लिहिलेला सल्ला मोठ्याने वाचून दाखवला. बीचवर बॅग घेऊन जाऊ नये. गळ्यात, खांद्यावर, हातात काही दिसू देऊ नये. गोपीनाथरावांनी घास खाली ठेवला.

"बॅग न्यायची नाही तर तिला कशात नेऊ? खिशात?"

"बाबा, समजा चोराने बॅग ओढलीच," देवदत्त म्हणाला, "तर तो उघडून बघेल आणि घाबरून परत आणून देईल."

"आणि नाही दिली तर?"

गोपीनाथरावांना ते चित्र दिसलंच. जी बाई लक्ष्मी रस्ता कधी त्यांच्या शर्टाची बाही धरल्याशिवाय ओलांडायची नाही, ती कोणा अनोळखी पोराच्या मोटारसायकलवर, भाषा न कळणाऱ्या गावात, भलत्याच दिशेने चाललेली. बाही शोधत. त्या दिवशी त्यांनी ताक घेतलं नाही.

शेवटी त्यांनी थेट हॉटेलांनाच लिहायला घेतलं. इंग्रजी महापालिकेतलं होतं, पक्कं होतं. पहिली ई-मेल अशी गेली: 'रिस्पेक्टेड सर, वी आर फाइव्ह पर्सन्स. माय वाइफ इज नो मोअर, बट शी विल बी ट्रॅव्हलिंग विथ मी. काइंडली कन्फर्म दॅट युअर लोकॅलिटी इज सेफ फॉर हर.'

हॉटेलचं उत्तर आलं. आपण विभक्त झाल्याचं वाचून वाईट वाटलं. तरीही एकत्र प्रवास करता, हे फार आधुनिक आहे. दोन वेगळ्या खाटा देऊ.

"विभक्त? आम्ही?" गोपीनाथराव रिकाम्या घराला म्हणाले, आणि त्यांनी खुलासा धाडला. बायकोला खाटेची गरज नाही. कोरडं आणि उबदार कपाट पुरेल. तिला सवय आहे.

त्या हॉटेलचं पुन्हा उत्तर आलं नाही. म्हणून दुसऱ्या हॉटेलला त्यांनी सगळं आधीच स्पष्ट लिहिलं. बाई बाहेर पडणार नाही. जेवणार नाही. नोकरांना कपाट उघडायची सक्त मनाई असावी. त्या हॉटेलने कळवलं की आमची वस्ती स्त्रियांसाठी पूर्ण सुरक्षित आहे, तुमच्याबद्दल मात्र आम्हाला खात्री देता येत नाही.

"बघा," गोपीनाथराव त्या रात्री जेवताना समाधानाने म्हणाले. "ते स्वतःच म्हणतायत, खात्री देता येत नाही."

तिसऱ्या हॉटेलने गोपीनाथरावांना काहीच लिहिलं नाही. जे लिहायचं ते त्याने न्यूझीलंडच्या पोलिसांना लिहिलं.

शनिवारी दारावरची बेल वाजली. देवदत्त आणि संपदा बाजारात गेले होते. वल्लरी आपल्या खोलीत कानात गाणी घालून पडली होती. दारात एक धिप्पाड तरुण माओरी कॉन्स्टेबल टोपी काखेत धरून उभा होता. "किआ ओरा, सर," तो म्हणाला.

"किआ ओरा," गोपीनाथरावांनी हात जोडले.

"मिसेस घरी आहेत का?" त्याने इंग्रजीत विचारलं.

गोपीनाथराव खोटं बोलत नसत. "येस."

"त्यांच्याशी जरा बोलता येईल?"

"यू कॅन टॉक. आय ऑल्सो टॉक. शी विल नॉट रिप्लाय."

कॉन्स्टेबलने टोपी डोक्यावर ठेवली. "कुठे आहेत त्या?"

"इन द हॉट वॉटर कपबोर्ड."

"केव्हापासून?"

"सिन्स जुलै."

कॉन्स्टेबलचा हात खांद्यावरच्या वायरलेसकडे गेला आणि तिथेच थांबला. "मला दाखवाल?"

"दाखवतो. शूज," गोपीनाथराव म्हणाले. त्याने बूट काढले. अशा प्रसंगीही त्याने बूट काढले, हे गोपीनाथरावांना फार आवडलं.

कपाटाचं दार उघडलं. आतून ऊब आली आणि एक आंबूस वास आला. कॉन्स्टेबल खाली वाकला. त्याच्या नजरेसमोर आलं ते खालच्या फळीवरचं मोठं पातेलं. त्याने श्वास रोखून झाकण उचललं. पीठ काठोकाठ फुगलं होतं. मधोमध एक बुडबुडा हळूहळू मोठा झाला आणि फुटला.

कॉन्स्टेबलचा चेहरा उतरला. "सर," तो कसाबसा म्हणाला, "इज दॅट हर?"

"नो, नो! दॅट इज फॉर ब्रेकफास्ट."

या खुलाशाने परिस्थिती सुधारली नाही. तेवढ्यात वल्लरी बाहेर आली. तिने पोलीस पाहिला, त्याच्या हातातलं झाकण पाहिलं, आजोबांना पाहिलं, आणि काय झालं असेल ते तिच्या बरोबर ध्यानात आलं. तिने वरच्या फळीवरचा डबा उतरवला. डब्यावर चिठ्ठी होती, चिठ्ठीवर नाव आणि तारीख. ते वाचायला कॉन्स्टेबलला वेळ लागला. शकुंतला हे नाव तिकडे कोणालाच पटकन वाचता येत नाही. मग त्याने पातेल्यावर झाकण नीट ठेवलं, टोपी काढली आणि डब्याकडे बघत म्हणाला, "सॉरी, मॅम."

नंतर तो स्वयंपाकघरात बसून चहा प्यायला. हॉटेलने पोलिसांकडे पाठवलेल्या आजोबांच्या ई-मेल त्याने वल्लरीला वाचायला दिल्या. ती आधी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग दुसरं पान वाचताना हसायची थांबली.

"आजोबा, 'नो मोअर' मीन्स नथिंग टू देम. यू हॅव टू से डेड."

"असं कसं लिहायचं?" गोपीनाथराव म्हणाले. "असं नसतं लिहीत."

कॉन्स्टेबलने कप खाली ठेवला. त्याची आजी वारली तेव्हा, तो सांगू लागला, पुरायच्या आधी तिला घरातच मध्ये ठेवलं होतं, आणि सगळे तिच्याभोवती झोपायचे, तिच्याशी बोलायचे, तिला जोक सांगायचे. "त्यामुळे तुमचं कपाटाशी बोलणं मला काही विचित्र वाटत नाही. पण शेवटी मामा उठला. म्हणाला, आता तिला जायचंय. आपण दारात उभे आहोत." त्याने बूट घातले. जाताना म्हणाला, "ब्रेकफास्टचा वास मात्र भारी होता."

तो गेल्यावर गोपीनाथराव कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. मराठीत माणूस जातो. शकू गेली, असंच ते सगळ्यांना सांगत आले होते. पुण्याला फोन करून सांगितलं तेव्हाही गेली. गेलेल्या माणसाला परत यायची बारीकशी सोय त्या शब्दात शिल्लक राहते. ई-मेलमध्ये ती ठेवून चालणार नव्हतं.

"मी टाइप करू?" वल्लरीने इंग्रजीत विचारलं.

"नको."

पोंटा नेग्राच्या जुन्या कोळीवाड्यात एका बाईचं छोटंसं लॉज होतं. सगळ्यांत स्वस्त, म्हणून त्यांनी ते कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. त्या पत्त्यावर त्यांनी लिहिलं, 'माय वाइफ इज'. इथे थांबले. मग डेड हा शब्द एकेक अक्षर शोधून दाबला. चारही अक्षरं कीबोर्डच्या डाव्या बाजूला निघाली. डाव्या हातचा मळ म्हणतात तो हा नव्हे. पुढे त्यांनी तिला कोमट पाण्यात सोडायचं वचन लिहिलं, आणि तुमची वस्ती सुरक्षित आहे का, ते विचारलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. लॉजच्या मालकीणबाई, दोना झुल्मिरा, मोडक्या इंग्रजीत लिहीत होत्या. 'माझा नवराही ह्याच समुद्रात आहे. आमच्या कोळ्यांनी होडीतून नेला. वस्ती शांत आहे. इतकी वर्षं झाली, त्याची एकही तक्रार नाही.'

"घ्या!" संपदा डोळे पुसत म्हणाली. "ओळखीचं कोणीतरी हवं होतं ना, बाबा?"

गोपीनाथरावांनी मान हलवली. मग त्यांचा चेहरा बदलला. "पुरुष आहे."

"कोण?"

"तिचा नवरा. म्हणजे शकू तिथे एकटी, आणि त्याच पाण्यात परका पुरुष."

"बाबा, अख्खा अटलांटिक आहे," देवदत्त म्हणाला.

"किनारा तोच आहे ना? वल्लू, लिही. गृहस्थ काय करायचे, घेत होते का, स्वभाव कसा." पोटच्या मुलाचं लग्न ठरवताना त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती.

दोना झुल्मिरांना त्यात काही गैर वाटलं नसावं. त्यांनी सविस्तर कळवलं. नवरा रेडिओ दुरुस्त करायचा. घ्यायचा, पण फक्त नाताळात. वल्लरीने इथे मुद्दाम विचारलं, तर त्यांना ख्रिसमस म्हणायचं होतं, गाव नव्हे. माणूस गरीब, फार बोलायचा नाही, ऐकत बसायचा. शेवटी एक ओळ होती: 'आता मी विचारते. तुमची बायको फार बोलते का?'

गोपीनाथरावांनी ती ओळ वाचली. बोलते का. जुलैपासून कोणीही तिच्याबद्दल असं विचारलं नव्हतं. होती, करायची, म्हणायची, एवढंच कानावर पडत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"लिही," ते म्हणाले. "येस. हीप्स. ढीगभर."

वल्लरीने लिहिलं.

"सुरुवातीला नाही बोलणार म्हणावं. परका माणूस आहे. पहिले काही दिवस नुसती पाण्याला नावं ठेवेल. त्यांनी मनावर घेऊ नये. एकदा सुरू झाली की मग थांबणार नाही. मध्येमध्ये हूं म्हणावं लागतं. हूं आलं नाही तर ती विचारते, ऐकताय ना? तेवढं सांभाळून घ्या म्हणावं."

"हूं?" वल्लरीची बोटं थांबली. "हाउ डू आय ट्रान्सलेट हूं?"

"नको करूस. समुद्राला येतं ते."

तिने तसंच लिहिलं. संपदा खिडकीपाशी जाऊन बाहेर बघू लागली. देवदत्तने उगाचच कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली.

"अँड द रूम्स?" वल्लरीने हळूच विचारलं. "फॉर फाइव्ह?"

गोपीनाथरावांनी बोटांवर मोजलं. मोजण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी मोजलं.

"जाताना पाच," ते म्हणाले. "राहायला चार."

वल्लरीने आकडा बदलला आणि बाजूला सरकली. गोपीनाथरावांनी स्वतःच बटण दाबलं, परक्या घरची बेल वाजवावी तसं, एकदाच, आणि एक पाऊल मागे सरून उभे राहिले.